वर्गातलं वाळीत

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे कोकणात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, पालखी त्यांच्या अंगणात न्यायची नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या पुढे आल्या की महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. २०१६ साली मंजूर झालेला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा कायदा जुलै २०१७पासून लागू आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

वाळीत टाकण्याचा हुकूम काढणारे गावात दोघं-चौघंच असतात. तो चालतो मात्र बाकीच्या घरांच्या जोरावर. त्या घरांचं वाळीत पडलेल्या कुटुंबाशी वैर नसतं, कित्येकदा मनातून वाईटही वाटत असतं. पण ‘आपण बोललो तर उद्या आपली पाळी’ या भीतीने सगळे मान खाली घालून पुढे जातात.

मी एका हायस्कुलात पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. २२ वर्षं झाली. या वयाच्या मुलांमध्ये चालणारा छळ, ज्याला आता सगळेच बुलिंग म्हणतात, तो मला बरीच वर्षं नीट कळलाच नव्हता. मी दोनच मुलं बघायचे, त्रास देणारा आणि त्रास सोसणारा. एकाला शिक्षा, दुसऱ्याला धीर, की माझं काम संपलं. बाकीचा वर्ग डोळ्यांसमोर असून दिसत नसे. वाळीत कसं चालतं ते आठवलं, तेव्हा तो दिसायला लागला.

मस्करी कुठे संपते

“काय नाय बाई, मस्करी केली नुसती.” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि दर वेळी ते खोटं नसतं. आपल्याकडे मस्करीशिवाय दिवस जात नाही. एकाच आडनावाची ३० घरं असलेल्या वाडीत टोपणनाव ही तर गरजच असते. प्रत्येक चिडवण्याला छळ म्हणायला लागलो तर मुलं आपल्याला काही सांगायचीच थांबतील. दोन मुलं कडाकडा भांडली, एकमेकांचे सदरे फाडले आणि संध्याकाळी खळ्यात पुन्हा एकत्र क्रिकेट खेळली, तर ते भांडण. त्यात मोठ्यांनी फार पडू नये.

मग छळ कशाला म्हणायचं? नॉर्वेत १९८२च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केली आणि त्यामागे सोबत्यांनी केलेला छळ असावा असं पुढे आलं. सगळा देश हादरला. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने शाळाशाळांतून मोहीम सुरू केली. डान ओल्वेयस हे मानसशास्त्रज्ञ त्याआधी दहाएक वर्षं याच विषयावर काम करत होते. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आज जगभर वापरतात. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि दोघांची ताकद सारखी नसते.

ताकद म्हणजे फक्त अंगातलं बळ नव्हे. कुणाच्या बापाचा ट्रॉलर आहे, कुणाचं घर मानकऱ्यांचं आहे, कुणाचा भाऊ दहावीत आहे, कोण शहरातलं मराठी बोलतं आणि कोण घरची बोली बोलतं, हे सगळं त्या ताकदीत येतं. माझ्यापुरती मी याची एक साधी परीक्षा केली आहे. मस्करीत पाळी बदलते. आज तू मला चिडवलंस, उद्या मी तुला. वर्षभर एकाच मुलावर पाळी येत असेल, आणि हसणारे सगळे एका बाजूला असतील, तर ती मस्करी राहिलेली नाही.

सहावीत एक मुलगा होता, बंदरावरचा. आई मासे विकायची आणि हा पहाटे लिलावाला तिच्या टोपल्या उचलायला जायचा, तिथून घरी येऊन अंघोळ करून शाळेत. तो एस.टी.त चढला की मागच्या सीटवरची मुलं नाक दाबायची. कुणी अंगाला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. तक्रार तरी काय करणार तो? ‘बाई, ते नाक दाबतात’? त्याने ती गाडी सोडून दिली आणि चार किलोमीटर चालत यायला लागला. रोज उशीर व्हायचा. मी महिनाभर त्याला उशिराबद्दल वर्गाबाहेर उभं करत होते. कारण कळलं ते कंडक्टरकडून, तेही सहज बोलता बोलता. ते आठवलं की अजूनही मला स्वतःचा राग येतो.

मारहाण दिसते, जखम दिसते. वगळणं दिसत नाही, आणि या वयात सर्वांत खोल लागतं ते वगळणंच. मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी संगणकावर चेंडूफेकीचा एक साधा खेळ तयार केला आहे. पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात. थोड्या वेळाने इतर दोघं आपसातच टाकायला लागतात, तिसऱ्याकडे चेंडू येतच नाही. खेळ काही मिनिटांचा, समोरचे अनोळखी, जिंकण्या-हरण्याचा प्रश्न नाही. तरी माणसं उदास होतात, आपण नकोसे आहोत असं त्यांना वाटतं. पुढे तर असंही दिसलं की समोरचे दोघं माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, हे आधी सांगितलं तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. मोठ्या माणसांची ही गत. मधल्या सुट्टीत ‘तुझ्यासाठी जागा नाय’ हे रोज ऐकणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीचं काय होत असेल?

या वयातच हे का वाढतं, तेही सांगते. दहा-अकराव्या वर्षापासून मुलांच्या मनात आई-बापाच्या मताची जागा सोबत्यांचं मत घेऊ लागतं. आपण कुठल्या घोळक्यातले, हा प्रश्न पोटापाण्याइतका मोठा होतो. आमच्याकडे त्यात शाळा बदलते. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत वर्गात सहा-सात मुलं, सगळी शेजारची. पाचवीला हायस्कुलात आल्यावर एकदम चाळीस, वेगवेगळ्या गावांची, वाड्यांची, जातींची. आपली जागा ठरवायची घाई सगळ्यांनाच असते, आणि दुसऱ्याला खाली ढकललं की आपण वर दिसतो हे मुलं फार लवकर शिकतात. युनेस्कोने २०१९ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून सांगितलं की मागच्या एका महिन्यात निदान एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झालेली मुलं ३२ टक्के आहेत, म्हणजे जवळपास तिघांतलं एक.

लहान गावात याला आणखी एक पदर असतो. शहरातलं मूल शाळा बदलू शकतं, दुसऱ्या क्लासला जाऊ शकतं. इथे शाळा एक, गाडी एक, देऊळ एक. जो वर्गात छळतो तोच गणपतीत आरतीला शेजारी उभा असतो, आणि कित्येकदा तो चुलत्याचाच मुलगा असतो. मोठ्यांचा बांधावरचा वाद मुलांच्या बाकावर येऊन बसतो. पालकांना बोलावलं तर ते मुलांचं सोडून जमिनीचं बोलायला लागतात, हे मी तीन-चारदा अनुभवलं आहे.

बघे

आता मुख्य गोष्टीकडे येते.

फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सहावीच्या मुलांना विचारलं की वर्गात कुणाला त्रास होतो तेव्हा कोण काय करतं. उत्तरांतून भूमिका निघाल्या. एक त्रास देणारा, एक सोसणारा. त्रास देणाऱ्याला हात देणारे एक-दोन साथीदार. मग हसणारे, ‘अजून कर’ म्हणणारे, नुसते बघायला गोळा होणारे. मग गप्प राहून बाजूला होणारे. आणि थोडीशी मुलं अशी, जी सोसणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. माझ्या कुठल्याही वर्गाला हे लागू होतं. तुम्ही स्वतःच्या सातवीचा वर्ग आठवा, प्रत्येक भूमिकेला एक चेहरा आठवेल. स्वतःचाही.

टोरांटोत संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण केलं. छळाच्या प्रसंगांपैकी ८८ टक्के वेळा आजूबाजूला दुसरी मुलं होती. त्यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ टक्के वेळा. पण ज्या-ज्या वेळी कुणी मध्ये पडलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, दहा सेकंदांच्या आत सगळं थांबलं. हा २००१ सालचा अभ्यास मी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एक सर म्हणाले, “दहा सेकंद? आम्हाला तर महिना लागतो.” खरंच आहे. शिक्षक पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. मुलं तिथेच असतात.

याचं कारण समजून घेतलं पाहिजे. छळणाऱ्या मुलाला समोरच्याच्या रडण्यापेक्षा बाकीच्यांचं हसणं हवं असतं. वर्गात आपला दबदबा राहावा, आपल्याला लोकांनी मानावं, यासाठी तो ते करत असतो. हसणारे गेले की खेळात राम राहत नाही. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने याच विचारावर ‘किवा’ नावाचा कार्यक्रम बांधला, आणि २००९पासून तो देशभरच्या शाळांत गेला. त्यात वर्गाला धडे देतात ते बघ्यांना समोर ठेवून. जगभरच्या शंभर शाळा-कार्यक्रमांच्या मोजमापांचा आढावा २०१९ साली निघाला. त्यात असं दिसलं की अशा कार्यक्रमांमुळे छळणं साधारण १९ ते २० टक्क्यांनी आणि छळ सोसणं १५ ते १६ टक्क्यांनी कमी होतं. जादू नाही ही. पण चाळीसच्या वर्गात दोन मुलं जरी रोजच्या त्या नरकातून सुटली तरी मला ते काम करायचं आहे.

बघ्याने काय करायचं? इथे मोठी माणसं चुकतात. ‘तू का नाही अडवलंस?’ असं आपण विचारतो. पाचवीतल्या पोराने आठवीतल्या टोळक्याला अडवायचं? तो मार खाईल, आणि पुढच्या वेळी मध्ये पडणार नाही. वाळीत प्रकरणातही हुकूम काढणाऱ्याशी भांडायला फार थोडी माणसं उठतात. पण एखादी म्हातारी संध्याकाळी मागच्या दाराने त्या घरी तांब्याभर दूध नेऊन देते, आणि त्या कुटुंबाला गावात एक घर आपलं उरतं. मी मुलांना तेवढंच मागते. हसू नका. नाक दाबायला सगळ्यांनी हात वर केला तर तुमचा खाली ठेवा. त्याच्या शेजारी जाऊन बसा. ‘चल, पाणी प्यायला जाऊ’ म्हणून त्याला तिथून बाहेर काढा. नंतर एकट्यात त्याला सांगा की ते जे झालं ते मला आवडलं नाही. आणि जाऊन मोठ्या माणसाला सांगा. चहाडी आणि मदत यांतला फरकही मी फळ्यावर लिहून ठेवते. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितलं ती चहाडी, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं ती मदत.

बंदरावरच्या त्या मुलाच्या बाबतीत आम्ही एवढंच केलं. क्रिकेटमुळे मुलं ज्यांना मानत, अशा आठवीतल्या दोघांना मी बोलावलं, झालेलं सांगितलं आणि त्याच गाडीत त्याच्या दोन्ही बाजूंना बसायला सांगितलं. भाषण नाही, काही नाही. कंडक्टरनेही मागच्या सीटकडे लक्ष ठेवलं. आठवड्याभरात नाकं दाबणं थांबलं. मागच्या सीटवरच्या मुलांना मी त्यानंतर एकेकटं बोलावलं, चौघांना चार वेळा. चौघांनीही ‘बाकीचे करत होते म्हणून’ असंच सांगितलं.

बाई नसलेला ग्रुप

२०२०च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर आली आणि वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले. शाळा पुन्हा भरली, ग्रुप राहिले. प्रत्येक वर्गाचे दोन ग्रुप असतात हे पालकांनी लक्षात ठेवावं. एकात बाई असतात, एकात नसतात. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींचा नियम १३ वर्षांचा आहे. म्हणजे पाचवी-सहावीतलं जवळजवळ प्रत्येक मूल आईच्या नाहीतर दादाच्या नंबरवर असतं.

फोनवरच्या छळात जुन्या छळाचं सगळं असतं, वर आणखी काही. पूर्वी घरी पोहोचलं की सुटका होती, आता तो उशाशी येतो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे जे तोंडावर बोलायला जीभ रेटली नसती ते बोटं सहज लिहून जातात. आणि ‘पुन्हा पुन्हा’ या खुणेचा अर्थच बदलतो. फोटो एकाने एकदाच टाकला, पण तो ४० जणांनी पाहिला आणि १० जणांनी पुढे ढकलला, तर त्या मुलीवर तो ५० वेळा झाला. बघ्यांचाही अर्थ बदलतो. नुसता हसरा इमोजी टाकणारा स्वतःला निर्दोष समजतो.

सातवीतल्या एका मुलीचा फुगडी घालतानाचा फोटो कुणीतरी व्हिडिओ थांबवून काढला. तोंड उघडं, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. त्याचं स्टिकर झालं. वर्गाच्या त्या दुसऱ्या ग्रुपवर कशालाही उत्तर म्हणून ते स्टिकर पडायला लागलं. गृहपाठ काय आहे? स्टिकर. उद्या सुट्टी आहे का? स्टिकर. गणपतीनंतर ती पोट दुखतं म्हणून शाळेत येईना. आईने डॉक्टरला दाखवलं, अंगारा लावला, दृष्ट काढली. पोरीने तोंड उघडलं नाही. का उघडेल? फोन आईचा होता. सांगितलं असतं तर आईने पहिल्यांदा फोन काढून घेतला असता. मुलं गप्प राहण्याचं हे फार मोठं कारण आहे. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलाने फोनवरचा त्रास सांगितला तर फोन काढून घेऊ नका. त्याला ती शिक्षा वाटते, आणि पुढचं सगळं तो तुमच्यापासून लपवतो.

मला कळल्यावर मी काय केलं ते सांगते, कारण ते चुकलं. मी वर्गात भरपूर बोलले, स्टिकर बनवणाऱ्या मुलीला उभं केलं, दोघींना समोरासमोर आणून माफी मागायला लावली, हात मिळवायला लावले आणि तो ग्रुप बंद करायला लावला. त्याच संध्याकाळी नवा ग्रुप झाला. त्यात ती मुलगी सोडून सगळे होते. मीच तिला वाळीत टाकायला कारण झाले.

भांडणात दोघांना समोर बसवून समेट करता येतो, कारण दोघांकडे देण्याघेण्यासारखं काही असतं. छळात एकाकडेच ताकद असते. तिथे समेटाला बसवलं की सोसणाऱ्याला पुन्हा त्याच माणसासमोर घाबरत उभं राहावं लागतं, आणि ‘ठीक आहे’ म्हणण्यावाचून त्याच्याकडे पर्याय नसतो. आता मी आधी सोसणाऱ्या मुलाशी एकट्यात बोलते, त्याला काय व्हायला हवं आहे ते विचारते. मग करणाऱ्यांना एकेकटं बोलावते, घोळक्याला कधीच नाही. ‘तू वाईट आहेस’ हे बोलत नाही. ‘हे झालं आहे, ते थांबायला हवं, तू यात काय करशील?’ एवढंच विचारते, उत्तर वहीत लिहून घेते आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावते. छळणाऱ्यांपैकी काही मुलं स्वतः घरी रोज मार खाणारी असतात. दोन्हीकडून भरडली जाणारी ही मुलं सगळ्यात जास्त धोक्यात असतात; त्यांना नुसती शिक्षा देऊन सोडलं तर आपण त्यांनाही सोडूनच दिल्यासारखं होतं.

फोनपुरत्या काही कामाच्या गोष्टी. शिव्या, धमक्या, चिडवणारे मेसेज आले तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि नंबर दिसायला हवा. उलट उत्तर देऊ नका. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं हे ‘माझे संपर्क’ एवढ्यावर आणता येतं. इन्स्टाग्रामवर ब्लॉकशिवाय ‘रिस्ट्रिक्ट’ नावाची सोय आहे. त्यात समोरच्याला कळत नाही, पण त्याने तुमच्या पोस्टवर टाकलेली कमेंट फक्त त्यालाच दिसते. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे ब्लॉक केलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत भेटतो आणि ‘मला ब्लॉक केलंस काय?’ विचारतो, तिथे ही सोय जास्त उपयोगी पडते.

पण फोटो उघडा असेल, किंवा कुणाचा चेहरा उघड्या अंगाला जोडून बनवलेला असेल, तर नियम बदलतो. आता असे खोटे फोटो मोबाइलवर चुटकीसरशी होतात. मूल १८ वर्षांखालचं असेल तर असा फोटो कुणालाही, अगदी शिक्षकालाही, पुरावा म्हणून पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा दोन्ही इथे लागू होतात, आणि असा मजकूर जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं आहे. अकाउंटचं नाव, लिंक, तारीख, वेळ कागदावर लिहा आणि पोलिसांकडे जा. नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीची अशी तक्रार नाव न देताही करता येते. सायबर मदतीचा क्रमांक १९३०, मुलांसाठी १०९८. अमेरिकेतली एक संस्था ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा चालवते. त्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनमध्ये त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या त्या ठशावरून तो शोधून काढून टाकतात.

आणि अशी बाब कळल्यावर ‘गावातलं गावात मिटवू’ म्हणायची मुभा कुणालाही नाही. पॉक्सोखालचा गुन्हा माहीत होऊन न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे, मुख्याध्यापकांनाही आणि पोलीस पाटलांनाही. ज्या मुलाने ते केलं, त्याचं काय, हीही काळजी पालकांना असते. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात न जाता बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथला उद्देश त्याला सुधारण्याचा असतो आणि त्याचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे.

शाळेत काय ठेवावं

सरकारी निर्णयांप्रमाणे शाळेत तक्रारपेटी हवी, २०२२पासून मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही हवी. असतात बहुतेक ठिकाणी. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी लावलेली असते. तिच्यात चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्या शाळेला दिसतं. म्हणून मी वेगळं करते. महिन्यातून एका शनिवारी प्रत्येकाला एक चिठ्ठी देते. सगळ्यांनी लिहायचं, त्यामुळे लिहिणारा कुणी उठून दिसत नाही. दोन प्रश्न असतात. तुला कुठल्या तिघांशेजारी बसायला आवडेल? आणि या महिन्यात कुणाला त्रास होताना पाहिलंस का? दुसऱ्या प्रश्नाला बरेचदा कोरं सोडतात. पहिला प्रश्न मात्र सगळं सांगून जातो. घरी नेऊन मी नावं मोजते, आणि ज्या मुलाचं नाव एकाही चिठ्ठीत नाही त्याच्याजवळ सोमवारी जाऊन बसते.

जागाही बघाव्यात. आमच्याकडे बहुतेक प्रकार वर्गात होत नाहीत. ते होतात मुतारीमागे, पाण्याच्या टाकीपाशी, मैदानावर चिऱ्याच्या गडग्याला लागून आणि एस.टी. थांब्यावर. मधल्या सुट्टीत एका शिक्षकाने चहाचा कप हातात घेऊन टाकीपाशी उभं राहायचं, एवढ्या एका बदलाने आमच्या शाळेत तक्रारी कमी झाल्या.

आणि आपल्या तोंडाकडेही बघावं. मुलांनी पाडलेली नावं शिक्षक वर्गात वापरतात, कधी नाव पहिल्यांदा पाडतात ते शिक्षकच. ‘ए काळ्या’, ‘आली का आमची ढोली’. कातकरी वस्तीवरच्या मुलाला सगळ्यांसमोर ‘आज आंघोळ केलीस का’ विचारतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मुलांना मारण्याबरोबर त्यांच्या मानसिक छळालाही बंदी घातली आहे. पण कायद्यापेक्षा जवळचं कारण हे की बाईंनी एकदा हसून नाव घेतलं, की चाळीस मुलांना परवानगी मिळते.

त्या स्टिकरच्या मुलीची गोष्ट राहिली. मी तिच्या घरी गेले, तिच्या आईसमोर माझी चूक सांगितली. नव्या ग्रुपमधल्या दोन मुली तिच्या वाडीतल्याच होत्या. त्यांना मी तिला ग्रुपमध्ये घ्या असं म्हटलं नाही. सकाळी तिच्या दारावरून शाळेत जा, एवढंच सांगितलं. पहिले दोन दिवस ती निघाली नाही, त्या पायरीवर थांबून गेल्या. तिसऱ्या दिवशी निघाली. ग्रुपमध्ये तिला कधी घेतलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती रोज येत होती.

मूल शाळा टाळायला लागलं, फोन वाजला की दचकायला लागलं, वह्या-कंपास वारंवार हरवायला लागलं, जेवण-झोप बिघडली, तर वाट बघू नका. ‘मला नको झालंय’ असं काही ते बोललं तर त्याच दिवशी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ वर फोन करा. तो दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तोवर त्याला एकटं सोडू नका.

एरवी संध्याकाळी आपण मुलांना अभ्यास झाला का, हेच विचारतो. त्याआधी विचारावं, आज डबा कुणाबरोबर खाल्लास? नाव आलं तर बरं. तीन दिवस ओळीने ‘भूक नव्हती’ असं उत्तर आलं, तर चौथ्या दिवशी शाळेत या. आधी फोन करायची गरज नाही.